कोर्टाने मुलाला घरी सोडलं, आता घरी येणाऱ्या कार्यकर्तीला किती सांगायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हाला बघता येईल. तुमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. मित्रांबरोबर कोणाची तरी मोटारसायकल न विचारता घेऊन गेला आणि पकडला गेला. त्याआधी शाळेत मारामारीची एक तक्रार होती. कोर्टाने त्याला संस्थेत न ठेवता अटी घालून तुमच्या ताब्यात दिलं आणि सांगितलं की एक कार्यकर्ती काही महिने आठवड्यातून दोनदा घरी येईल. मुलाचे बाबा म्हणतात, हा घरात आणून बसवलेला पहारा आहे. सासूबाई म्हणतात, त्याला लांब काकाकडे पाठवून द्या, संगत आपोआप तुटेल. आणि तुम्हाला कळत नाहीये की त्या बाईंना किती सांगायचं, सांगितलेलं कोर्टापर्यंत जाईल का, याने खरंच फरक पडतो का, आणि धाकट्या मुलीचं या सगळ्यात काय होणार.

मी हेच काम करते. कोर्टाच्या आदेशावरून लोकांच्या घरी जाते आणि दार उघडणाऱ्या बहुतेक आईवडिलांच्या मनात हेच असतं. तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या तळाशी मला एकच प्रश्न दिसतो: आता या घरात मुलाच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा? कोर्टाचा, त्या बाईंचा, मुलाचा, की तुम्हा दोघांचा? सेवा चांगली असेल तर काही महिन्यांनी तो शब्द तुमचा असतो आणि मुलालाही ते मान्य झालेलं असतं. ती वाईट असेल तर कार्यकर्तीच घर चालवते आणि ती गेली की सगळं पूर्ववत. पुढे जे सांगतेय ते याच नजरेने वाचा.

परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी आधी सांगते.

पहिली, केस कुठल्या टप्प्यावर आहे. आरोपावर अजून निर्णय व्हायचा असेल, तर त्या रात्री नेमकं काय झालं, गाडी कोणी सुरू केली, मागे कोण बसलं, याबद्दल कार्यकर्तीशी बोलण्याआधी वकिलाला विचारा. मुलालाही तसं सांगून ठेवा. ही लपवाछपवी होत नाही. त्या रात्रीचा तपशील सोडूनही शाळा, राग, मित्र, झोप, घरातली भांडणं यावर बोलण्यासारखं भरपूर असतं, आणि आमचं काम मुख्यतः त्यावरच चालतं. निकाल होऊन अटींसह घरी पाठवलं असेल, तर ही अडचण बरीच कमी होते.

दुसरी, येणारी व्यक्ती नक्की कोण आहे. प्रोबेशन अधिकारी असेल तर अटी पाळल्या जातात की नाही हे कळवणं तिचं कर्तव्यच आहे. कुटुंबाला मदत करणाऱ्या वेगळ्या सेवेतली असेल तर साधारणपणे ती हजेरी, सहभाग आणि प्रगती एवढं कळवते, घरातलं प्रत्येक वाक्य कळवत नाही. पण हे ठिकाणानुसार आणि आदेशानुसार बदलतं. म्हणून पहिल्याच भेटीत, मुलगा समोर असताना, तिला सरळ विचारा: रिपोर्टमध्ये काय लिहिता? किती दिवसांनी? पाठवण्याआधी आम्हाला वाचायला मिळेल का? तो उशिरा घरी आला तर लगेच कळवाल का? काय ऐकलं तर तुम्हाला कळवावंच लागतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ सगळीकडे सारखं आहे. एखाद्या मुलाला इजा किंवा लैंगिक त्रास होतोय, किंवा कोणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर गप्प बसता येत नाही. मी स्वतः हे पहिल्या अर्ध्या तासात सांगते, आणि मुलाला ते त्याच्या शब्दांत परत सांगायला लावते. जी कार्यकर्ती या प्रश्नांना 'काळजी करू नका, मी तुमच्याच बाजूची आहे' एवढंच उत्तर देते, तिला पुन्हा विचारा. तिचा हेतू चांगला असेल, तरी काय आत राहणार आणि काय बाहेर जाणार हे तुम्हाला माहीत असायलाच हवं.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे: तुमच्या मुलाला एवढ्या मदतीची गरज आहे का? डॉन अँड्र्यूज, जेम्स बोन्टा आणि रॉबर्ट होग या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली एक तत्त्व मांडलं, ते आता आमच्या क्षेत्रात पायाभूत मानलं जातं. पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचा धोका ज्या मुलाला जास्त, त्याच्यावर जास्त मेहनत घ्या; ज्याचा धोका मुळातच कमी आहे त्याच्यावर भारी उपाय लादू नका, कारण त्याने नुकसानही होऊ शकतं. शाळा बुडते, वेळापत्रक कोलमडतं, आणि तो स्वतःला 'कोर्टाचा मुलगा' समजू लागतो. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दाखवलेला फरकही इथे लक्षात ठेवा. नियम मोडणाऱ्या किशोरांपैकी बहुतेकांचं ते वागणं त्या वयापुरतंच असतं. लहानपणापासून सुरू होऊन पुढेही टिकणारा गट बराच छोटा असतो. तेव्हा मुलाची तपासणी करून आठवड्यातून दोन भेटी ठरवल्यात, की सरसकट सगळ्यांना तेवढ्याच दिल्या जातात, हे विचारायला संकोचू नका.

चौथी, घर सुरक्षित आहे का. घरात मारहाण होत असेल, मुलगा स्वतःला संपवण्याचं बोलत असेल, किंवा नशेशिवाय त्याचा दिवस जात नसेल, तर घरभेटी पुरत नाहीत. त्या त्या गोष्टीवरचे उपचार सोबत लागतात आणि तेही आधी. तुम्ही लिहिलंय त्यात मला असं काही दिसलं नाही. पण लिहिताना माणसं हातचं राखून लिहितात हेही मला माहीत आहे. यातलं काही असेल तर ते पहिल्या आठवड्यातच सांगा, सहाव्या आठवड्यात नको.

आता तुमचा मोठा प्रश्न: याने फरक पडतो का?

मुलाला घराबाहेर काढण्याऐवजी मदतच घरात न्यावी, हा विचार तसा जुना आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात १९७४ मध्ये 'होमबिल्डर्स' सुरू झालं. मूल घराबाहेर ठेवण्याची वेळ आलेली कुटुंबं, एका कार्यकर्त्याकडे एका वेळी अवघी दोन, साधारण चार ते सहा आठवडे, आणि गरज पडली तर रात्रीही फोन. कोर्टात गेलेल्या किशोरांसाठी पुढे दोन पद्धती जास्त नावारूपाला आल्या. एक, युटा विद्यापीठातल्या जेम्स अलेक्झांडर यांची फंक्शनल फॅमिली थेरपी. तिच्यात घरातला एकमेकांवरचा दोषारोप आधी उतरवतात आणि मगच कोणालाही बदलायला सांगतात. दुसरी, स्कॉट हेंगलर यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उभी करायला घेतलेली मल्टिसिस्टेमिक थेरपी. तिच्यात एका थेरपिस्टकडे चार ते सहा कुटुंबं असतात, काम तीन ते पाच महिने चालतं, आणि घर, शाळा, मित्र, वस्ती या सगळ्यांकडे एकत्र पाहिलं जातं. तिचा अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १७६ मुलं होती. चार वर्षांनी पाहिलं तर या पद्धतीतल्या साधारण चारांपैकी एकाला पुन्हा अटक झाली होती, आणि फक्त एकेकट्याने समुपदेशन घेतलेल्या मुलांत दहांपैकी सात जणांना. मी या कामाकडे वळले त्यात अशा अभ्यासांचा वाटा मोठा होता.

पण अर्धंच चित्र दाखवून तुम्हाला आशा लावणं मला पटत नाही. इंग्लंडमध्ये ६८४ कुटुंबांवर मल्टिसिस्टेमिक थेरपीची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१८ साली आले. नेहमीच्या सेवांपेक्षा ती सरस ठरली नाही. अठरा महिन्यांनी घराबाहेर ठेवाव्या लागलेल्या मुलांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. तिथल्या नेहमीच्या सेवाच बऱ्यापैकी चांगल्या होत्या, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. वॉशिंग्टन राज्यात फंक्शनल फॅमिली थेरपीची तपासणी झाली, ती २००४ मध्ये मांडली गेली. जिथे थेरपिस्ट पद्धतीला धरून, कसबाने काम करत होते तिथे फायदा स्पष्ट दिसला. जिथे तसं नव्हतं तिथे दिसला नाही. नाव एकच, निकाल दोन.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा अभ्यास मात्र या सगळ्यांहून जुना आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या कल्पनेतून १९३९ ते १९४५ या काळात केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्प चालला. पाचशेहून थोडी जास्त मुलं होती. सारख्या मुलांच्या जोड्या लावून नाणेफेकीने एकाला मदत दिली, दुसऱ्याला दिली नाही. मदत म्हणजे समुपदेशकाच्या घरभेटी, अभ्यासात साहाय्य, दवाखाना, उन्हाळी शिबिरं, आणि तीही सरासरी पाच वर्षं. तीस वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी ती माणसं शोधून काढली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी बरेच जण त्या समुपदेशकांची आठवण प्रेमाने काढत होते. आणि तरीही पुन्हा गुन्हा करणं, दारू, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू अशा अनेक बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा त्यांचीच स्थिती वाईट निघाली. घरी कोणीतरी प्रेमळ माणूस येतं एवढ्याने मुलाचं भलं होतं, असं मी तेव्हापासून गृहीत धरत नाही. भेट झाल्यावर घरात, पुढच्या भेटीपर्यंतच्या दिवसांत काय बदलतं ते मी बघते.

म्हणजे नक्की काय बदलायचं? एका घरातली संध्याकाळ सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, पण क्रम असाच होता.

घरी यायची ठरलेली वेळ आठ. मुलगा पावणेनऊला येतो. आई दारातच, "किती वाजले?" मुलगा चपला काढता काढता, "क्लास उशिरा सुटला." आई, "खोटं बोलू नकोस, मी सरांना फोन केला होता." "मग विचारतेस कशाला?" आतून वडील, "आईशी नीट बोल." मुलाचा आवाज चढतो, खोलीचं दार आपटतं. वडील उठून मागे जातात, "महिनाभर घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मोबाईल आण इकडे." मोबाईल भिंतीवर आपटतो. आई मध्ये पडते, "पुरे आता, सगळे झोपा." तिसऱ्या दिवशी मुलाला कामासाठी बाहेर पाठवावं लागतं, संपर्कासाठी मोबाईलही परत द्यावा लागतो. महिन्याची शिक्षा तिथेच संपते, पण कोणी तसं म्हणत नाही.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी अशा घरांत बसून तासन्‌तास नोंदी केल्या होत्या. असं होताना सगळेच एकमेकांना शिकवत असतात, हे त्यांनी दाखवलं. मुलगा शिकतो की आवाज चढवला की प्रश्न थांबतात. वडील शिकतात की मोठी धमकी दिल्याशिवाय कोणी ऐकत नाही. आई शिकते की मध्ये पडलं की निदान रात्र तरी शांत जाते. तिघांनाही त्या क्षणापुरतं काहीतरी मिळतं, म्हणून तेच रोज घडतं, आणि दर वेळी थोडं वरच्या पट्टीत.

त्या घरी मी हा प्रसंग तिघांसमोर क्रमाने कागदावर लिहून काढला. कोण चुकलं हा विषय ठेवला नाही. कुठली एक कडी बदलणं सगळ्यात सोपं आहे एवढंच विचारलं. आईने दाराकडे बोट केलं. मग ठरलं की दारात चौकशी होणार नाही. वाक्य एकच: "आलास ना, ठीक. उशीर झालाय, सकाळी बोलू." किती उशिराला काय, हे आधीच लिहून ठेवलेलं: जेवढी मिनिटं उशीर, दुसऱ्या दिवशी तेवढी मिनिटं लवकर घरी. शिक्षा लहान, लगेच होणारी, एका दिवसात संपणारी, आणि आईवडिलांना खरोखर पाळता येईल अशी. ती आईवडील दोघांनी मुलाच्या आधी आपापसात ठरवली आणि मग त्याला दाखवली. त्याने वेळेत दहा मिनिटांची घासाघीस केली, ती आम्ही मान्य केली. आणि जी गोष्ट घरं हमखास विसरतात तीही त्या कागदावर होती: वेळेवर आलेल्या दिवसाची दखल. सलग काही दिवस वेळेवर आला तर सुट्टीच्या दिवशी तासभर जास्त.

पहिल्या आठवड्यात सगळं बिघडलं, आणि ते तसं बिघडेल हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. आजवर ज्या आवाजाने काम व्हायचं तो चालेना, म्हणून मुलाने आणखी मोठा आवाज करून पाहिला. याच दिवसांत बहुतेक घरं प्रयत्न सोडून देतात. म्हणूनच चांगल्या सेवेत रात्री फोन करता येतो. त्या वडिलांनी मला एका रात्री फोन केला तेव्हा मी नवीन काहीच सांगितलं नाही. ते दाराबाहेर उभे होते. कागदावर काय लिहिलंय ते त्यांना वाचायला लावलं आणि ते आत गेले. पुढे उशीर थांबले असं म्हणणार नाही, पण दार आपटणं थांबलं, आणि सकाळी बोलायला जागा झाली.

सकाळच्या त्या बोलण्याला मी एवढं महत्त्व का देते? मुलगा कुठे असतो, कोणाबरोबर असतो, हे आईवडिलांनी माहीत ठेवलं की मुलं कमी बिघडतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं आणि त्यातून पाळत ठेवायचा सल्ला निघायचा. स्वीडनमध्ये हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली हे तपासलं. ज्या आईवडिलांना मुलाबद्दल बरंच माहीत होतं, त्यांना ते मुख्यतः मुलाने आपणहून सांगितल्यामुळे माहीत होतं. प्रश्न विचारून किंवा पहारा ठेवून फारसं नाही. म्हणून मोबाईल तपासणं, मागे माणूस लावणं याआधी मी एकच बघते: मुलगा आपणहून काही सांगतो तेव्हा पुढच्या मिनिटात काय होतं? सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवर व्याख्यान मिळालं, तर तो सांगणं बंद करतो. हे करून बघायला तुम्हाला माझी किंवा कोणाचीच वाट बघायची गरज नाही, आजच करता येईल.

आता काकांचा विचार. तुमच्या सासूबाईंची तळमळ खरी आहे आणि संगतीचा मुद्दाही खरा आहे. मित्र हे या वयात सगळ्यात जड कारणांपैकी एक. पण आधी एक व्यवहाराची गोष्ट. कोर्टाने त्याला तुमच्या ताब्यात, तुमच्या पत्त्यावर दिलंय. न विचारता दुसरीकडे पाठवलं तर अट मोडली असं धरलं जाऊ शकतं, आणि त्याचे परिणाम मुलावर होतात. काका खरंच वेळ देणारे असतील, मुलाचं त्यांच्याशी जमत असेल आणि कोर्टाची परवानगी मिळाली, तर काही घरांत हा उपाय चालतोही. मी त्याला सरसकट नाही म्हणत नाही. माझी हरकत एवढीच की दाराजवळचा तो क्रम तसाच राहतो. सहा महिन्यांनी मुलगा परत येतो तेव्हा तो अर्धा वीत वाढलेला असतो आणि घर जिथे होतं तिथेच असतं.

संगत तोडण्यासाठी मुलांना एकत्र करून सुधारायचे कार्यक्रमही सुचवले जातील, शिबिरं, गटचर्चा वगैरे. तिथे सावध राहा. थॉमस डिशियन, जोन मॅकॉर्ड आणि फ्रान्स्वा पुलँ यांनी १९९९ मध्ये दाखवलं की अडचणीतल्या किशोरांना एकत्र बसवलं की ते एकमेकांच्या वात्रट गोष्टींना हसून दाद देतात, आणि तीच दाद शिकवणीचं काम करते. केंब्रिज-सॉमरव्हिलमध्येही नुकसान मुख्यतः एकाहून जास्त वेळा उन्हाळी शिबिरांना पाठवलेल्या मुलांत दिसलं होतं. तुरुंग दाखवून घाबरवायचे कार्यक्रम तर साफ टाळा. ते तपासले तेव्हा मुलं सुधारण्याऐवजी जास्त गुन्हे करताना आढळली. 'त्या पोरांशी बोलायचं नाही' हा हुकूमही एकटा टिकत नाही. संध्याकाळी पाच ते आठ तो कुठे असेल, याचं दुसरं उत्तर तयार ठेवावं लागतं: खेळाचा संघ, कामाची उमेदवारी, जिथे वेगळी मुलं आणि एखादा लक्ष देणारा मोठा माणूस असेल अशी जागा. कार्यकर्तीकडून हे काम आवर्जून करून घ्या. ती तुमच्या मुलाशी तासभर छान गप्पा मारून जात असेल, पण दुसऱ्या महिन्यातही या तीन तासांचं काही ठरलं नसेल, तर तिला तसं स्पष्ट विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

शाळेचंही तसंच. मुलगा शाळेत टिकला तर बाकी बरंच सावरतं. बैठकीला तिने तुमच्याबरोबर यावं, पण बोलावं तुम्ही. आधी घरी बसून दोन मुद्दे लिहून घ्या. पुढच्या बैठकीला तुम्ही एकट्या जाल, आणि तेव्हा शाळेने तुम्हालाच ओळखायला हवं.

मुलाच्या बाबांबद्दल. घरात परकं माणूस येऊन आपल्या घराचं मोजमाप करतं, याचा राग येणं रास्त आहे, आणि तो राग घेऊन बसलेले वडील मी जवळजवळ प्रत्येक घरी बघते. त्यांना पटवायच्या मागे लागू नका. भेटीच्या वेळा त्यांच्या कामानंतरच्या मागून घ्या; घरी येणाऱ्या सेवेला ते जमायलाच हवं. मी अशा वडिलांना उपदेश करत नाही. मुलगा लहान असताना त्याला कुठल्या गोष्टीचा अभिमान वाटायचा ते विचारते, आणि मग पुढच्या आठवड्यासाठी एकच गोष्ट त्यांच्याकडे सोपवते, जी फक्त तेच करू शकतात. वर सांगितलेल्या घरात सकाळचं बोलणं वडिलांकडे होतं. आणि त्यांना एवढं सांगा की १९८५ साली संयुक्त राष्ट्रांनी किशोर न्यायाचे किमान नियम स्वीकारले, १९८९ साली बालहक्कांचा करार झाला, आणि दोन्हींत म्हटलंय की मुलाला कोंडून ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि तोही कमीत कमी काळासाठी. तुमच्या घरी जे होतंय ते त्यांच्या अपमानासाठी होत नाहीये. मुलगा त्यांच्याजवळ राहावा म्हणून होतंय.

मध्येच पाय घसरेल, हे धरून चाला. एखादा दिवस शाळा बुडेल, एखादी रात्र उशीर होईल. अशा वेळी लपवू नका. कार्यकर्तीला तुमच्या तोंडून आणि तुमच्या उपायासकट कळलं, की तिच्या रिपोर्टात 'आईवडिलांनी स्वतः हाताळलं' असं लिहिता येतं. बाहेरून कळलं तर तेच 'माहिती दडवली' असं होतं. आणि शेवट पहिल्या महिन्यातच विचारून ठेवा: भेटी कधी कमी होणार, कशावरून ठरणार, नंतर अडचण आली तर फोन कोणाला करायचा.

राहिली तुमची मुलगी. तिच्याबद्दल विचारणारे आईवडील कमी असतात, म्हणून तुम्ही विचारलंत हे मला फार महत्त्वाचं वाटलं. ती अकरा वर्षांची आहे, म्हणजे घरात काय झालंय ते तिला माहीत आहे. कोणी सांगितलं नसेल तर तिने आपली एक गोष्ट जुळवून घेतली असेल, आणि ती बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असेल. तिला साध्या शब्दांत खरं सांगा: दादाने दुसऱ्याची गाडी घेतली, ते चुकीचं होतं, तो घरीच राहणार आहे, एक ताई काही महिने येतील, आणि यात तुझी काही चूक नाही. वर्गात कोणी विचारलं तर काय म्हणायचं ते तिच्याबरोबर ठरवा. 'मला त्यावर बोलायचं नाही' एवढं पुरतं. दादावर लक्ष ठेवायचं काम तिला देऊ नका, अगदी 'तो फोनवर कोणाशी बोलतो ते बघ' एवढंसुद्धा नको. भेटींच्या दिवशी ती कुठे असेल हे तिलाच निवडू द्या. काही मुलांना सोबत बसायचं असतं, काहींना मैत्रिणीकडे जायचं असतं. आणि या आठवड्यात तिच्या शाळेचं काही, बक्षीस म्हणा, बैठक म्हणा, असेल, तर दादाच्या तारखेमुळे ते बुडू देऊ नका. दोन्ही एकाच दिवशी आलं तर एक जण कोर्टात जा आणि एक जण तिच्याकडे.